मुलांच्या स्कीचं बाइंडिंग वाढत्या मापाचं घेतलं तर चालेल का?

रेवती_झुरिक, १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. झुरिकला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. आत्तापर्यंत मुलं वर्षातून दोन दिवस भाड्याच्या स्कीवर घसरून यायची, तेवढ्यावर भागत होतं. यंदा थोरल्याच्या वर्गाचं स्कीलागर, म्हणजे शाळेचं स्कीचं शिबिर आहे, आणि फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्ही चौघं आठवडाभर ग्राउब्युंडेनला जाणार आहोत. म्हणून सामान घरचंच करायचं ठरवलं.

गावात जुन्या सामानाचा बाजार भरला होता. तिथे एका बाईंकडे दोन जोड मिळताहेत, दोन्ही मिळून ऐंशी फ्रँक. धाकटीसाठी १२० सेंटिमीटरची स्की, तिच्या बाइंडिंगवर २ ते ७ असे आकडे आहेत. थोरल्यासाठी १४०ची, तिच्यावर ३ ते १०. मुलगी सात वर्षांची, वजन २३ किलो. मुलगा दहाचा, ३४ किलो. दोघंही अजून निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवरच असतात.

नवरा म्हणतो, शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो तसंच हे. आकडा सगळ्यात खाली ठेवू आणि दरवर्षी थोडा थोडा चढवू. मला त्या आकड्यांचा अर्थच नीट कळलेला नाही, आणि न कळता पोरांच्या पायात काही अडकवायला मन घेत नाही. बाई शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत. कुणी सांगाल का?

---

टेकडीवरचा

शीर्षक वाचून वाटलं वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचा धागा आहे. अप्पा बळवंत चौकातला चांगला पत्ता द्यायला धावत आलो! आता आलोच आहे तर बसतो. बर्फाबद्दल वाचायला मला फार आवडतं.

---

चिंगी

बाइंडिंग म्हणजे नेमकं काय, ते आमच्यासारख्या बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघणाऱ्यांसाठी कुणी सांगेल का?

---

बर्फवाट

रेवती, शनिवारी पैसे देऊ नका. आधी हे वाचा.

मी व्हर्माँटमध्ये राहतो आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार एका स्कीच्या दुकानात बाइंडिंग बसवायचं, तपासायचं काम करतो. सहावं वर्ष आहे.

चिंगी, स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. तो स्कीला धरून ठेवणारी दोन तुकड्यांची यंत्रणा म्हणजे बाइंडिंग. पुढचा तुकडा बुटाचं नाक धरतो, मागचा टाच. धरून ठेवणं हे तिचं अर्धं काम. पडताना पायावर ठरावीक जोर आला की बूट सोडून द्यायचा, हे दुसरं अर्धं. पाय पिळला जातोय असं झालं की पुढचा तुकडा बाजूला सरकून सोडतो, आणि तोंडावर पडताना मागचा वर उघडून सोडतो. किती जोराला सोडायचं, ते आतल्या स्प्रिंगवर ठरतं. ती स्प्रिंग किती घट्ट आहे हे दाखवणारा आकडा म्हणजे डिन. जर्मन मानकसंस्थेवरून ते नाव पडलं.

आता रेवतीचा प्रश्न. हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करायची पद्धत अशा पाच गोष्टींवरून काढतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय तक्ता आहे, आयएसओ ११०८८. लहान मुलांमध्ये उंचीचा प्रश्न फारसा येत नाही, वजनच ठरवतं. नऊ वर्षं किंवा त्याहून लहान मूल असेल तर तक्त्यात एक ओळ खालच्या वजनाची धरायची, म्हणजे बाइंडिंग आणखी सैल. तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. बूट जितका लांब तितका आकडा कमी. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज फिरतो ना, तसंच इथे बूटच दांड्याचं काम करतो.

धाकटीच्या बुटाचा तळवा २४५च्या आसपास असेल असं धरू. तिचा आकडा येतो साधारण १.२५. थोरल्याचा २७५ धरला तर येतो २.

बाजारातली धाकटीची स्की सुरूच होते २ पासून, आणि थोरल्याची ३ पासून. सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवलं तरी दोघांनाही घट्ट. धाकटीला तर तिच्या मापाच्या दीडपटीहून जास्त. सात वर्षांच्या मुलीच्या पायाला ती सोडणारच नाही अशी वेळ येऊ शकते.

---

मीना_ठाणे

बापरे. गणवेशाचं उदाहरण मलाही पटलं होतं, आता अंगावर काटा आला.

---

अस्थिपंजर

बर्फवाट यांनी अगदी नेमकं सांगितलंय. मी लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे, म्युनिकमध्ये. जानेवारी ते मार्च या दिवसांत आमच्याकडे काय येतं ते सांगते.

मोठ्यांचा गुडघा येतो. लहानांची नडगी येते. मुलांमध्ये अस्थिबंधापेक्षा, म्हणजे सांध्यातली हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, हाड आधी हार मानतं, त्यामुळे पाय पिळला गेला की नडगीचं हाड मळसूत्रासारखं चिरत जातं. ऐकणाऱ्याला वाटतं मूल सुसाट येत असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. मूल दोन्ही स्कीची टोकं जुळवून, शिक्षक ज्याला ‘पिझ्झा’ म्हणतात तसं, हळूहळू येत असतं. एक स्की ओल्या बर्फात अडकते, शरीर पुढे फिरतं, पाय मागे राहतो. जोरात पडलं तर झटका बसून बाइंडिंग बहुधा सुटतं. हळू पडताना तो झटकाच बसत नाही, पाय सावकाश पिळत जातो. म्हणून नवशिक्या, हलक्या मुलाला बाइंडिंग बरोब्बर सैल असणं सगळ्यात गरजेचं. ‘आमचं पोर कुठे वेगात जातं’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या आईवडिलांना मी हे दर वेळी सांगते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाइंडिंग नडगी वाचवायला बनलंय. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध ते वाचवेलच असं नाही. व्हर्माँटमधल्या शुगरबुशला १९७२ पासून वर्षानुवर्षं दुखापतींची नोंद ठेवली गेली. त्यात बाइंडिंग सुधारत गेली तसतशा नडगीच्या दुखापती पुष्कळ घटल्या, गुडघ्यांचं तसं झालं नाही.

---

अण्णा_कॅलगरी

माझं मत थोडं वेगळं आहे. १९९८ पासून इथे आहे. दोन्ही मुलांची बाइंडिंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हरने मीच लावली. तक्ता बघायचो, आकडा लावायचो, झालं. दोघंही आज तिशीत आहेत, दोघांचे पाय शाबूत. तक्त्यातला आकडा आणि बाइंडिंगवरचा आकडा एक असला की दुकानाचे पैसे कशाला? रेवतीताईंच्या स्कीचे आकडे जमत नाहीत हे मान्य, पण जमणारी स्की मिळाली तर घरी लावायला हरकत नसावी.

---

बर्फवाट

अण्णा, तुमची मुलं ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे. पण बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा आकडा हा बाइंडिंगने दिलेला शब्द आहे. ते शब्द पाळतं की नाही, हे यंत्रावरच कळतं.

स्प्रिंग जुनी होते, आतलं वंगण वाळतं. बूट घालून गाडीतळावरच्या डांबरावरून चालून तळवा झिजतो. बुटाच्या नाकाखाली घर्षण कमी करणारी एक पट्टी असते, झिजलेला तळवा तिच्यावरून सरकत नाही. शिवाय मागचा तुकडा बुटाला पुढे किती दाबतो हे बघावं लागतं. त्याची वेगळी खूण असते आणि ती आकड्याच्या खिडकीत दिसत नाही. आम्ही त्याच मुलाचा बूट त्याच बाइंडिंगमध्ये बसवून यंत्राने पिळतो आणि खरोखर किती जोराला सुटलं ते मोजतो. दोन पायांचे आकडे वेगळे निघालेले मी कितीतरी वेळा पाहिलेत.

आणि जुनं सामान घेणाऱ्या सगळ्यांसाठी: अमेरिकेत बाइंडिंग बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी एक यादी काढतात. ज्या मॉडेलची जबाबदारी त्या अजून घेतात, तेवढीच त्या यादीत असतात. यादीबाहेरच्या बाइंडिंगला दुकानदार हात लावत नाही. गराज सेलमध्ये वीस डॉलरला घेतलेली स्की घेऊन लोक येतात आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. वाईट वाटतं, पण त्या पोराकडे बघून नाहीच म्हणतो.

---

अस्थिपंजर

रेवती, तुमच्या स्वित्झर्लंडमध्ये तर अपघात टाळण्यासाठी काम करणारी बीएफयू ही संस्था दर हंगामाआधी बाइंडिंग यंत्रावर तपासून घ्या असं सांगते. तपासल्यावर स्कीवर तारखेचं स्टिकर लावून देतात. जुनी स्की बघताना ते स्टिकर कोणत्या वर्षीचं आहे ते बघा.

---

टेकडीवरचा

एक गंमत लक्षात आली का? हे आकडे पाव-पाव करत चढतात! आमच्या आजोबांची पावकी-निमकी, सवायकी, दिडकी शेवटी आल्प्समध्ये कामाला आली. सव्वा, दीड, पावणेदोन...

---

बर्फवाट

@टेकडीवरचा, वा! आणि मुलांच्या सगळ्यात लहान बाइंडिंगची सुरुवातच पाऊणपासून होते. ०.७५ ते ४.५. दुकानात मी हे आता ‘पाऊण-साडेचार’ म्हणूनच लक्षात ठेवीन.

रेवती, तुम्हाला हवं आहे ते हेच. त्याच्या वरची पायरी २ ते ७, आणि ३ ते १० म्हणजे जवळपास मोठ्यांचं. आकडा पट्टीच्या अगदी टोकाला येऊ नये, थोडा आत पडावा. धाकटीला पाऊण-साडेचार चार-पाच वर्षं सहज पुरेल. थोरल्यालाही सध्या तेच. वाढीला जागा हवी ना, तर ती या पट्टीत वरच्या बाजूला आहे. खालच्या बाजूला जागा नसेल तर ते बाइंडिंग आपल्या मुलाचं नाही.

---

स्लालमचा_बाबा

मी कोलोरॅडोहून. वाचतोय, पण उलटी बाजूही मांडतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा, क्लबमध्ये शर्यती करतो. मागच्या मोसमात वळणाच्या मध्येच स्की सुटली आणि तो जाळीत जाऊन आदळला. नको तेव्हा सुटणारं बाइंडिंगही तितकंच घातक आहे. तेव्हापासून आम्ही आकडा दीडने वाढवलाय. ‘सैल म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट म्हणू नये.

---

बर्फवाट

सरसकट म्हणत नाहीच. तक्त्यात सावध, मध्यम आणि आक्रमक असे तीन प्रकार असतात, आणि शर्यतीतलं मूल वरच्या प्रकारात जातं. पण दीड म्हणजे फार मोठी उडी आहे. तीन गोष्टी विचारू का? त्या आधी नवे बूट घेतले होते का? घेतले असतील तर मागचा तुकडा पट्टीवर सरकवला होता का? आणि बुटाखालचा बर्फ खरवडून मग पाय आत घातला होता का?

---

स्लालमचा_बाबा

बूट डिसेंबरमध्ये नवे घेतले. तळवा आधीचा २७५, नवा २८२. घरीच सरकवला होता... खाली जाऊन बघतो.

---

स्लालमचा_बाबा, दुसऱ्या दिवशी

बघितलं. पुढे दाबणारी खूण दोन्ही स्कीवर योग्य पट्ट्याच्या बाहेर होती. टाच नीट धरलीच जात नव्हती. म्हणजे स्की सुटण्याचं कारण तिथे होतं आणि मी घट्ट केली स्प्रिंग! आज संध्याकाळी दोन्ही दुकानात देतोय, आकडा पुन्हा तक्त्याप्रमाणे लावून घेईन. बर्फवाट, मनापासून आभार. पोराला काही झालं असतं तर...

---

मीना_ठाणे

आमचा गुलमर्गचा अनुभव लिहिते, कारण इथले बरेच जण मुलांना तिकडे नेतात. गेल्या फेब्रुवारीत लेकीला, वय आठ, पाच दिवसांच्या शिकवणीला नेलं होतं. गोंडोलाच्या पायथ्याजवळच्या सपाट माळावर नवशिक्यांना शिकवतात. जागा फार सुंदर.

भाड्याच्या सामानाच्या एका टपरीवर तिला जे बूट दिले त्यात तिच्यासोबत माझाही एक पाय मावला असता. बाइंडिंगवर आकडा पाचला लावलेला. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, पण बूट हलतोय एवढं दिसत होतं. मी तक्रार केली तर त्या माणसाने तीनवर आणून दिलं आणि म्हणाला, याच्या खाली जातच नाही. आमच्या शिक्षकाने ते पाहिलं, एक शब्द न बोलता स्की परत केली, आणि अर्धा तास हिंडून दुसरीकडून मुलांचं छोटं बाइंडिंग असलेली जोडी आणली. त्या दिवशी वाटलं केवढा हा वेळ घालवतोय. आज हा धागा वाचून त्या शिक्षकाला फोन केला आणि आभार मानले.

---

प्रवासी_पक्षी

मीनाताई, औलीला कुणी गेलंय का लहान मुलांना घेऊन? आम्हाला जानेवारीत जायचंय.

---

मीना_ठाणे

औलीचा अनुभव नाही. पण कुठेही जा, आधी फोन करून मुलाचं वजन आणि बुटाचं माप सांगा आणि ‘पाऊणपासून सुरू होणारं बाइंडिंग आहे का’ असं स्पष्ट विचारा. नसेल तर मुलाला स्लेजवर बसवा, तेही खूश आणि आपणही.

---

माई_सांगलीकर

मी स्की कधी पायात घातली नाही, पण धागा पहिल्यापासून वाचते आहे. माझी नात डेनव्हरला असते, सहा वर्षांची. मागच्या वर्षी लेकाने ओळखीच्यांकडून जुनी स्की आणली, तिच्यावर ती जाते. तुमचं सगळं वाचून काळीज धडधडायला लागलं. फोनवर त्याला नेमकं काय विचारू? आणि मी तिच्यासाठी लोकरीचे जाड मोजे विणले आहेत, ते बुटात चालतील ना?

---

अस्थिपंजर

माई, धडधडू नका, विचारलंत हेच फार चांगलं केलंत. व्हिडिओ कॉलवर त्याला स्की कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. बाइंडिंगवर कुठून कुठपर्यंत आकडे आहेत ते वाचा, मग नातीचं वजन विचारा. आणि शेवटचं यंत्रावर कधी तपासलं, ते.

मोजे मात्र बुटात नकोत. आत एकच पातळ, लांब मोजा. जाड मोज्यात पाय हलतो आणि रक्त नीट खेळत नाही, म्हणून उलट जास्त गार पडतो. तुमचे मोजे बूट काढल्यावर घालायचे. दिवसभर कडक बुटात कोंडलेल्या पायांना त्यासारखं सुख नाही.

---

टेकडीवरचा

सहज शोधता शोधता एक छान गोष्ट सापडली. पूर्वी पट्ट्यांनी पाय स्कीला करकचून बांधायचे. पोर्टलंडला स्थायिक झालेला ह्याल्मार व्हाम नावाचा नॉर्वेजियन स्कीपटू होता. १९३७ मध्ये त्याचा पाय मोडला, आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याला आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. मोडलेल्या पायातून निघालेली युक्ती!

---

रेवती_झुरिक

सगळ्यांचे खूप खूप आभार. त्या बाईंना नाही कळवलं. नवऱ्याला धागा वाचायला दिला, त्याने दोन वेळा वाचला आणि स्वतःच दुकानांना फोन करायला बसला. आता प्रश्न असा: हंगामभर भाड्याने घ्यावं, की पाऊण-साडेचारवाली जुनी स्की शोधावी? आणि धाकटीला थोरल्याचे जुने बूट येतात, ते वापरले तर?

---

बर्फवाट

पाय दरवर्षी वाढतो तोवर हंगामाचं भाडंच बरं. मधेच बूट लहान झाला तर बरीच दुकानं बदलून देतात आणि बाइंडिंग पुन्हा लावून देतात. स्की थोरल्याकडून धाकटीकडे जाऊ शकते. पण बूट बदलला की बाइंडिंग नव्याने लावायचं, हा नियम एकाही दिवसासाठी मोडू नका.

बुटाच्या तळव्यावर आयएसओ ५३५५ आणि पुढे ए किंवा सी हे अक्षर शोधा. सी म्हणजे मुलांचा तळवा. त्याचं नाक ६२ मिलिमीटर रुंद आणि पातळ, मोठ्यांचं ए ६९. मोठ्यांच्या बाइंडिंगमध्ये सी तळवा बसल्यासारखा दिसतो, पण नीट धरला जात नाही आणि नीट सुटतही नाही. मुलांची बहुतेक बाइंडिंग दोन्ही घेतात. चालायला सोपा म्हणून हल्ली ग्रिपवॉक तळवा येतो, त्याला चालणाऱ्या बाइंडिंगवर तसं लिहिलेलं असतं. दुकानात जाताना बूट आणि मूल, दोन्ही बरोबर न्या.

---

अण्णा_कॅलगरी, ३ डिसेंबर

बर्फवाट, तुमचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. नातवाची स्की मीच लावून ठेवली होती. काल दुकानात नेली. उजवी बरोबर. डाव्या स्कीचा मागचा तुकडा हवा त्यापेक्षा बऱ्याच जास्त जोराला सुटत होता, खिडकीत मात्र दोन्हीकडे सारखाच आकडा. तंत्रज्ञाने तिथल्या तिथे यंत्र फिरवून मला दाखवलं. यापुढे दर नोव्हेंबरला नेणार.

---

रेवती_झुरिक, ७ जानेवारी

धागा वर काढतेय. दोघांचं सामान हंगामाच्या भाड्याने घेतलं. दुकानात दोघांना वजनकाट्यावर उभं केलं, तळवे मोजले, यंत्रावर तपासलं. धाकटीचा आकडा निघाला १.२५, बर्फवाटांनी सांगितलेलाच!

रविवारी ती फ्लुम्सरबर्गला पिझ्झा करत येत होती. कडेच्या मऊ बर्फात डावी स्की रुतली आणि ती सावकाश फिरत बाजूला पडली. डॉक्टरांनी लिहिलं होतं अगदी तसंच. मी वरून बघत होते, पाय लटपटायला लागले माझे. टक् असा आवाज आला आणि स्की सुटून बाजूला पडली. ती उठली, बुटाखालचा बर्फ काठीने खरवडला, टाच आत दाबली आणि निघाली. मला हात हलवून ‘आई, चल ना’ म्हणाली.

---

माई_सांगलीकर, ९ जानेवारी

रेवती, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. मी पण सांगायचं राहिले. लेकाने कॅमेऱ्यासमोर स्की धरली, मी चष्मा लावून वाचलं: २ ते ७. नात एकोणीस किलोची. तो म्हणाला, आई, हे तुला कुणी शिकवलं? शनिवारीच दुकानात गेला आणि ती स्की ठेवून छोट्या बाइंडिंगची घेऊन आला. मोजे पोचलेत. बूट काढल्यावरच घालते, असं तिने मला बजावून सांगितलं.